गंजानं धरलेला चाप

१

हॉबर्टकाकांनी ती रिव्हॉल्वर आणली ती लोकरीच्या मोज्यात घालून. आर्डिथ नुकतीच शाळेतून शिकवून आली होती आणि घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव घेऊन टेबलाशी बसली होती. काकांनी तिच्या वाडग्याशेजारीच मोजा उलटा केला. रिव्हॉल्वर धप्पकन पडली आणि पडली तशीच राहिली. एरवी असलं हत्यार पडलं की त्यातलं काहीतरी खुळखुळतं, गोळ्यांचं चक्र एखादं घर पुढे सरकतं. हिच्यात काहीच हललं नाही. ओढ्यातून काढलेल्या दगडासारखी ती तांबडी, खरबरीत, एकजीव झालेली होती.

"मोजा तरी धुतलेला आहे का, काका?"

"मोजा धुतलेलाच आहे. अंघोळ हिची राहिलीय." काका खुर्ची ओढून बसले. "या वर्षीच्या सोडतीसाठी आहे. बंबाला नवे पाइप घ्यायचेत. जुन्यांतून आगीवर कमी आणि माझ्या बुटांतच जास्त पाणी पडतं."

पिजन फोर्कच्या अग्निशामक दलात पगारी माणूस कोणी नव्हता. काका दलाचे प्रमुख. आर्डिथचा बाप मरेपर्यंत बंब चालवायचा. दर वसंतात दल एका बंदुकीची सोडत काढायचं आणि केंटकीच्या त्या डोंगरकपारीत चर्चच्या पायरीपासून पशुखाद्याच्या दुकानापर्यंत तिकिटं खपायची. बंदूक जुनी घ्यायची आणि आर्डिथच्या बापाने ती घरी घासूनपुसून नवी करायची, हा रिवाज. बाप गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं. तिला ते नावडतं होतं असं नाही. गंजाखालून पोलाद वर येताना बघण्यात सुख होतंच.

"कुठून आणली?"

"क्लोव्हिसच्या दुकानातून."

"आणि त्यानं?"

काकांनी तिच्या ताटातल्या पावाचा कोपरा मोडून तोंडात टाकला. "राज्याच्या लिलावातून."

आर्डिथने चमचा खाली ठेवला.

पोलिसांनी जप्त केलेलं हत्यार या राज्यात वितळवत नाहीत. खटला संपला की ते लिलावात निघतं, दुकानदार घेतो, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी उशाखाली जाऊन झोपतं. ज्या घरातून ते उचललं त्या घरात काय झालं, हे दुसऱ्या घराला कोणी सांगत नाही. कॉलेजात असल्यापासून आर्डिथ या कायद्याशी भांडत होती. मोर्चात गेली, आमदारांना पत्रं लिहिली. एकाचं छापील आभारपत्र आलं होतं, त्यावर तिचं नाव चुकलेलं.

"कुणाच्या घरातली आहे ही?"

"लोखंडाला घर नसतं, पोरी."

"माणसांना असतं."

"हो, आणि ती जळतात. म्हणून पाइप हवेत." काका उठले. "तुझ्या शाळेला आग लागली तर पत्रं लिहून विझवणार आहेस का?"

आर्डिथने रागाने वाडगा बाजूला सारला. दारातून काका म्हणाले, "चाप जरा हलका कर. लोण्यासारखा. तुझा बाप करायचा तसा."

२

चाप, चाप ओढला की मागे उठून गोळीवर आदळणारा घोडा, चक्र, सगळंच गंजानं धरलं होतं. तिने घराच्या मागच्या खोलीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, रॉकेल आणि तेल मिसळून एका पसरट भांड्यात रिव्हॉल्वर बुडवून ठेवली. अशा कामात जोर चालत नाही. तेल आपल्या गतीने आत शिरतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेतून आली. बूट काढत असतानाच मागच्या खोलीतून आवाज आला.

"ऊंऽऽऽ..."

बारीक, दात आवळून काढलेला. मध्येच श्वास सुटला. मग पुन्हा, "ऊंऽऽऽ..."

आर्डिथ बालवर्गाची बाई होती. हा आवाज ती रोज जेवणाच्या सुट्टीत ऐकायची. कुणाला दुधाचं खोकं उघडत नाही, कुणाची डब्याची फिरकी अडकते, कुणाची जाकिटाची साखळी. तोंड लाल होतं, खांदे कानांपर्यंत येतात आणि हाच आवाज निघतो. त्यामुळे तिच्या डोक्यात विचार यायच्या आत तोंड बोलून गेलं, "इकडे आण, मी उघडून देते."

आवाज थांबला.

आणि मग तिला कळलं की ती रिकाम्या घरात बोलली आहे.

खोलीत कोणी नव्हतं. भांड्यातलं तेल तांबूस झालं होतं, त्यावर एकही तरंग नव्हता. तिने धुण्याच्या यंत्राचा नळ पाहिला, खिडकी पाहिली, बाहेर शेजाऱ्यांचा म्हातारा शिकारी कुत्रा जमिनीवर पाठ घासत होता. कुत्राच. अशी कुत्री झोपेतही कण्हतात. तिने स्वतःला ते पटवलं. दिवसभर वीस पोरांत राहिलं की कानात पोरंच बसतात, हेही पटवलं. आईही म्हणायची, ढोर राखणाऱ्याला रात्रभर घंटा ऐकू येते.

पण रिव्हॉल्वर तेलातून काढून तिने चाप दाबून पाहिला, तेव्हा तो केसभर हलला.

३

बाजूची पत्री उघडून तिने आतले भाग एकेक करून काढले. आत जुनं तेल डांबरासारखं घट्ट झालं होतं. ते खरवडलं, स्प्रिंग पुसली, चाप आणि घोडा जिथे एकमेकांना खेटतात ती धार बापाच्या धारेच्या दगडावर घासून आरशासारखी केली. काम उत्तम चाललं होतं. मनातला राग हातात उतरला की हात चांगला चालतो, हे तिला ठाऊक होतं. तिने स्वयंपाकघर असंच रागात रंगवलं होतं.

पण रोज दुपारी, ती जुळवाजुळव करून चाप तपासायची आणि रिव्हॉल्वर टेबलावर ठेवून हात धुवायला जायची, तेव्हा नळाच्या आवाजाखाली तो हुंकार यायचा. नळ बंद केला की तोही बंद.

तिने त्याचा छडा लावायचा प्रयत्न केला. पाइपात हवा असेल. जुन्या घरात लाकूड फुगतं. तिने एकदा नळ सोडला आणि हात न धुता दाराआड उभी राहिली. हुंकार आला. तिने नळाची मान धरून हलवली. आवाज नळातून येत नव्हता. मग तिने तपासणं सोडून दिलं. शिकलेल्या माणसाला जेव्हा उत्तर नको असतं, तेव्हा तो म्हणतो की पुरावा पुरेसा नाही. तीही तेच म्हणाली.

एक गोष्ट मात्र कान नाकारू शकले नाहीत. सुरुवातीला तो आवाज लांब असायचा, ताणलेला, हरल्यासारखा तुटणारा. ती जसजशी यंत्र साफ करत गेली, तसतसा तो आखूड होत गेला. आठवडा संपताना तर नुसता जोर लावल्याचा श्वास उरला होता.

रिव्हॉल्वरचा चाप आता लोण्यासारखा चालत होता.

४

मग निळाई चढवायचं काम आलं. हे तिच्या बापाचं आवडतं काम. सगळे भाग सुटे करायचे, लाकडी मूठ काढून ठेवायची. पोलाद तेलाचा अंशही राहणार नाही इतकं धुवायचं, त्यावर तेजाब पुसून दमट पेटीत टांगायचं, म्हणजे रात्रीतून बारीक, सारखा गंज फुलतो. तो पाण्यात उकळला की काळानिळा होतो. वरची भुकटी तारेच्या गुंड्याने झाडायची, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. असे थर चढत जातात. एकच पथ्य, उघड्या बोटाने शिवायचं नाही. बोटाचं तेल लागलं की तिथे गंज धरत नाही आणि ठसा कायमचा उमटतो. बाप सांगायचा, पोलादाला स्पर्श विसरता येत नाही.

भाग सुटे असेपर्यंत आवाज आला नाही. आर्डिथला हलकं वाटलं. ती शाळेतून गाणं गुणगुणत घरी आली आणि पेटी उघडली.

सांगाड्याच्या पाठीवर, मुठीचं लाकूड जिथे बसतं त्या पट्टीवर, ठसे होते.

तिने हातमोजे घातले होते. दोन्ही हातांत, प्रत्येक वेळी. तिने स्वतःशी शिवी हासडली, सगळं घासून काढलं, सोडा घालून उकळलं, पुन्हा पेटीत टांगलं. दुसऱ्या दिवशी ठसे तिथेच, उलट जास्त स्पष्ट. बारीक, वाटाण्याएवढी बोटांची टोकं. पट्टीच्या दोन्ही अंगांना. आणि चापावर दोन ठसे एकमेकांना चिकटून, जरा मोठे. अंगठे.

दर वर्षी मातृदिनाला ती पोरांचे हात रंगात बुडवून कागदावर उमटवायची. हे माप तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने सांगाडा हातमोज्यातल्या हातात धरून पाहिला. बोटं ठशांवर बसेनात. रिव्हॉल्वर धरतात तशी धरली की बोटं मुठीच्या पुढे येतात, आणि हे ठसे तर मागे होते. उजवा हात बदलून डावा केला. नाही. मग तिने ती हातात फिरवली. नळीचं तोंड स्वतःकडे केलं. मागच्या पट्टीला दोन्ही हातांची बोटं विळखा घालून बसली आणि दोन्ही अंगठे आपोआप चापावर आले.

बसले. सगळे.

एका बोटाने चाप ओढायला ताकद लागते. चार वर्षांच्या पोराच्या बोटात ती नसते. मग ते दोन्ही हातांनी धरतं, आणि अंगठ्यांनी ढकलतं, स्वतःकडे तोंड करून.

तिने सांगाडा खाली ठेवला. मग काकांना फोन केला. "आत्ता या."

काका आले. त्यांनी चष्मा लावला. फार वेळ पाहिलं. त्यांचा खालचा ओठ एकदा हलला.

"तुझाच हात लागला असेल."

"माझा हात एवढा आहे, काका? बघा! माझा हात एवढा आहे?"

"ओरडू नकोस." त्यांनी खिशातून रुमाल काढला, तेलाच्या डबीत बुडवला आणि ठशांवरून फिरवला. काळं पोलाद ओलं झालं, चमकलं. "हे बघ. तेल लागलं की दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे गेलं?"

"आर्डिथ, तू उगीच नसलेल्या पोरासाठी गळा काढू नकोस."

"नाहीच ना ते आता! तेच तर सांगतेय मी!"

काकांनी रुमालाची घडी घातली. त्यांच्या मुलीची मुलगी, पर्ल, आर्डिथच्याच वर्गात होती. पर्लच्या बापाने सोडतीच्या तिकिटांची अख्खी गुंडाळी घेतली होती, आणि त्याच्या घरात हत्यार कुठे असतं हे सगळ्या गावाला माहीत होतं: पलंगाशेजारच्या खणात, कारण कुलूप उघडेपर्यंत चोर पळून जातो, असं तो म्हणायचा.

"ही पर्लच्या घरी गेली तर?" तिने विचारलं.

"गेली तर नशीब त्याचं. सोडत आहे ती." काका दाराकडे वळले. "शनिवारपर्यंत जोडून दे."

५

ती जोडायची नाही, असं तिने ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत कवायत झाली, बंदूकधारी माणूस शिरला तर काय करायचं त्याची. भोंगा वाजला की दार लावायचं, दिवे घालवायचे, आणि वीस पोरांना कपाटामागे कोपऱ्यात बसवायचं. आवाज करायचा नाही. पर्लला खोकला आला, आणि आर्डिथने तिच्या तोंडावर हात ठेवला. पर्लने डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं, तक्रार न करता, शहाण्यासारखं. आपण चार वर्षांच्या पोराला आवाज न करता मरायला शिकवतोय, हे वाक्य आर्डिथच्या मनात उमटलं आणि घरी येईपर्यंत पुसलं गेलं नाही.

घरी येऊन तिने रिव्हॉल्वर जोडायला घेतली. रागाने. हे लोखंड आहे, मी शिकलेली आहे, ठसे माझ्या चुकीचे आणि आवाज माझ्या डोक्यातला, हे एकदाचं सिद्ध करायचं म्हणून. शेवटचा स्क्रू पिळला, तेल पुसलं. बापाने कधी केली नसेल इतकी सुंदर झाली होती. पूर्ण रिकामी. चक्राची घरं तिने एकेक करून उजेडात पाहिली, आणि रिव्हॉल्वर टेबलाच्या मधोमध ठेवून ती समोर बसली. खिडकीतून ऊन येत होतं.

"हं," ती म्हणाली. "बोल."

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

मग टेबलाच्या पलीकडून, तिच्या छातीच्या उंचीपेक्षाही खालून, कुणीतरी श्वास आत घेतला. आता जोर नव्हता त्यात. खेळण्याची किल्ली फिरवताना घेतात तेवढाच.

चाप मागे सरला. घोडा उठू लागला.

आर्डिथने विचार केला नाही. त्या डोंगरातलं प्रत्येक पोर जे शिकतं ते तिच्या हाताने केलं: घोडा आणि सांगाडा यांच्या फटीत अंगठा कोंबला. घोडा पडला आणि नखाच्या मुळात रुतला. तिने ओरड दाबली, आणि त्या क्षणी तिच्या हाताखाली, मुठीच्या मागच्या पट्टीवर, तिला आणखी काहीतरी जाणवलं. उबदार. जरा चिकट, पोरांचे हात असतात तसं. ते सुटत नव्हतं. ते पुन्हा ढकलत होतं.

"सोड," ती म्हणाली. "बाळा, सोड. बाईंकडे दे."

सुटलं नाही. बराच वेळ ती दोघं तशीच राहिली, आणि तिच्या अंगठ्यातून रक्त निळाईवर उतरत राहिलं.

आणि तेव्हा तिला उमजलं की तिने काय केलं होतं. गंज ही खराबी नव्हती. कुणी तरी, पोलिसांच्या कुठल्या तरी ओल्या कोठारात, काही न करता, नुसतं पडू देऊन या चापाला बांधून ठेवलं होतं. ते पोर इतकी वर्षं ढकलत होतं आणि चाप हलत नव्हता. आर्डिथ आली आणि तिने ते सोपं करून दिलं.

६

मीठ आणि शिरका. बादलीभर, गंज पुन्हा धरावा म्हणून. शनिवारी सकाळी काका आले तेव्हा रिव्हॉल्वर तांबड्या लगद्यात बुडालेली होती, आणि मागच्या खोलीतला तो श्वास पुन्हा लांबला होता, पुन्हा तुटत होता.

काकांनी बादलीत पाहिलं. "तुझ्या बापाला लाज वाटली असती."

"वाटू दे."

"लोक तिकिटं घेऊन बसलेत!"

"त्यांना पाइपच हवेत ना? मग बंदुकीशिवाय पैसे द्या म्हणावं. डुकराच्या मांसाची सोडत काढा. रजईची काढा. का नाही काढत?"

"कारण रजईची तिकिटं खपत नाहीत," काका थकून म्हणाले. "बरं. जाऊ दे. क्लोव्हिसने पेटीच घेतलीय लिलावातून. दुसरी काढू."

आर्डिथ बांधलेला अंगठा छातीशी धरून त्यांच्या मागोमाग गाडीत बसली. काका नको म्हणाले नाहीत.

क्लोव्हिसच्या दुकानात भरदुपारी सगळे दिवे चालू होते आणि रेडिओवर बँजो वाजत होता. क्लोव्हिस साठीचा, गोल, प्रेमळ माणूस. शाळेच्या जत्रेत तोच पोरांना फुकट बर्फाचे गोळे द्यायचा. त्याने पेटी गल्ल्यावर आणून ठेवली. आत रिव्हॉल्वरी एकावर एक टाकलेल्या, प्रत्येकीच्या चापात तारेने अडकवलेली एक चिठ्ठी, चिठ्ठीवर फक्त आकडा. सगळ्या तांबड्या.

"पोरी, अंगठ्याला काय झालं?" क्लोव्हिसने विचारलं.

"घोडा पडला."

"बापरे! चाप फार हलका केलास वाटतं!" तो मोठ्याने हसला. फारच मोठ्याने. काकाही मोठ्याने काहीतरी बोलले, पाइपांबद्दल. आर्डिथ दोघांकडे पाहत राहिली. हात-दोन हातांवर उभी असलेली ही माणसं, ओढ्याच्या दोन काठांवरून बोलावं तशी बोलत होती. आणि मग बँजोची तान क्षणभर तुटली, आणि त्या फटीत तिला पेटी ऐकू आली.

ऊंऽऽऽ. ऊंऽऽऽ. एक नाही. वर, मध्ये, तळाशी. दात आवळलेले, दमणारे, पुन्हा लागणारे.

क्लोव्हिसने तेलाचा फवारा उचलला. "सगळ्यांना एकदमच पाजतो," तो ओरडून म्हणाला. "म्हणजे कुठली हलते ते कळेल!"

"थांबा!" आर्डिथ किंचाळली. "ऐकू येत नाही तुम्हाला?"

फवारा थांबला नाही. तेल चिठ्ठ्यांवरून ओघळून खाली झिरपत गेलं. हॉबर्टकाकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

"सगळ्यांनाच येतं, पोरी," ते म्हणाले. "सवय होते."

क्लोव्हिसने तिच्याकडे न पाहता हात लांबवला आणि रेडिओ मोठा केला.

आर्डिथ गल्ल्याला वळसा घालून गेली आणि तिने रेडिओची तार भिंतीतून उपटली. मग दाराला पाठ लावून उभी राहिली. क्लोव्हिसच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, ते काढून कुठे ठेवायचं हे त्याला कळत नसल्यासारखं. काकांनी डोळे मिटले.

"आता ऐका," ती म्हणाली.

तेल आत शिरत होतं. पेटीतले आवाज एकेक करून आखूड होत चालले, हलके होत चालले, आणि मग तळाशी कुठेतरी एक घोडा टक्कन पडला. कुणाला तरी जमलं.